सफरचंद पुढें असावें कीं पाठीवर?

ज्या वस्तूकडे माणूस रोज पाहतो, ती त्याला खरोखर दिसतेच असें नाहीं. तिच्यावरची एखादी खूण नाहींशी झाली, म्हणजे मग ती खूण तेथें होती हें त्याच्या ध्यानांत येतें. अमेरिकेंतील ॲपल कंपनीनें २० एप्रिल २०२१ रोजीं आपल्या ‘आयमॅक’ नांवाच्या मेजावरील संगणकाचें नवें रूप जगापुढें मांडलें, तेव्हां नेमका हाच प्रकार घडला. यंत्र पूर्वीपेक्षां पुष्कळ पातळ झालें होतें, सात रंगांत निघालें होतें, आणि त्याच्या पोटांतील यंत्रणाहि नवी होती. तरी अनेकांची दृष्टि खिळली ती एका रिकाम्या जागेवर. पडद्याखालच्या रुंद पट्टीवर मधोमध जें घांस तोडलेलें सफरचंद असे, तें तेथें नव्हतें. कोणाला हा बदल सुखद वाटला, तर कोणाला यंत्राचा चेहराच ओका वाटूं लागला. एवढ्याशा खुणेवरून इतका मतभेद कां व्हावा, हें समजण्यासाठीं त्या खुणेचा इतिहास थोडा मागें जाऊन पाहिला पाहिजे.

१९७६ सालीं कंपनी स्थापन झाली, तेव्हां तिचें पहिलें चिन्ह रोनाल्ड वेन या भागीदारानें काढलें होतें. झाडाखालीं बसलेला न्यूटन आणि त्याच्या माथ्यावर लोंबणारें सफरचंद, असें तें बारीक कलाकुसरीचें चित्र होतें. पुढच्याच वर्षीं रॉब जॅनॉफ या चित्रकारानें त्याच्या जागीं सहा रंगांच्या आडव्या पट्ट्यांचें सुटसुटीत सफरचंद दिलें. त्याचा एक घांस तोडलेला दाखविला, तो अशासाठीं कीं लहान आकारांत तें फळ चेरी वाटूं नये. रंग घालण्याचें कारणहि व्यवहाराचें होतें. त्याच वर्षीं निघालेला ‘ॲपल टू’ हा संगणक पडद्यावर रंग दाखवूं शकत असे. म्हणजे आरंभीं हें चिन्ह निव्वळ अलंकार नव्हतें. यंत्राच्या अंगच्या गुणाची ती द्वाही होती.

२४ जानेवारी १९८४ रोजीं पहिला मॅकिंटॉश लोकांपुढें आला. त्याच्या दर्शनी बाजूस, खालच्या डाव्या कोपऱ्यांत, हेंच रंगीत सफरचंद बसविलेलें होतें. त्या पेटीच्या आंतल्या बाजूस मात्र आणखी एक गोष्ट होती. ज्या मंडळींनीं तें यंत्र घडविलें, त्यांच्या सह्या सांच्यांतच कोरून घेतल्या होत्या. कलावंत आपल्या कृतीवर सही करतो, तशी यांनींहि करावी, असा कंपनीचे एक संस्थापक स्टीव्ह जॉब्स यांचा आग्रह होता. पेटी उघडल्यावांचून त्या सह्या कोणाला दिसण्याजोग्या नव्हत्या. याप्रमाणें त्या यंत्रावर दोन मुद्रा होत्या : बाहेर कंपनीची आणि आंत कारागिरांची. कोणती खूण कोणी पाहावी, हा प्रश्न या घराण्यांत जन्मापासूनच आहे असें म्हणावयास हरकत नाहीं.

पुढें कंपनीला उतरती कळा लागली. १९९७ च्या आर्थिक वर्षांत तिला शंभर कोटि डॉलरांहून अधिक तोटा आला. अशा स्थितींत परतलेल्या जॉब्स यांनीं ६ मे १९९८ रोजीं पहिला आयमॅक लोकांना दाखविला. ज्या सभागृहांत मॅकिंटॉशचें अनावरण झालें होतें, तेंच सभागृह यासाठीं निवडलें होतें. जोनाथन आइव्ह यांच्या हाताखालीं घडलेलें हें यंत्र अंड्यासारखें फुगीर, अर्धपारदर्शक आणि निळसर हिरव्या रंगाचें होतें. सिडनी शहराजवळील बाँडाय किनाऱ्यावरून त्या रंगास नांव दिलें होतें. माथ्यावर उचलण्यासाठीं मूठ होती. जॉब्स यांनीं त्या प्रसंगीं यंत्राची पाठ मुद्दाम दाखविली आणि इतरांच्या यंत्रांच्या तोंडापेक्षां आमच्या यंत्राची पाठ अधिक देखणी आहे, असा टोला हाणला. लोकांचें मत तेव्हांहि दुभंगलेंच. फ्लॉपी घालण्याची सोय काढून टाकल्याबद्दल जाणत्यांनीं नाकें मुरडलीं, आणि रंगीत संगणक म्हणजे खेळणें, असेंहि म्हटलें गेलें. परंतु १,२९९ डॉलर किंमतीच्या त्या खेळण्याचे वर्षअखेर सुमारें ८ लाख नग खपले आणि कंपनी सांवरली. याच सुमारास चिन्हावरचे सहा रंग जाऊन तें एकरंगी होऊं लागलें. रंग चिन्हांतून निघाला, तो यंत्राच्या अंगावर आला.

ज्या जागेवरून २०२१ सालीं वाद झाला, ती जागा निर्माण झाली २००४ सालीं. त्याच्या आधीं, २००२ मध्यें, आयमॅकचें रूप एकदां पालटलें होतें : खालीं अर्धगोल बैठक, तिच्यांत सारी यंत्रणा, आणि चकचकीत दांड्याच्या टोकाला पातळ पडदा. सूर्यफुलासारखें दिसणारें तें यंत्र आजहि कित्येकांना सर्वांत गोजिरें वाटतें. पण ३१ ऑगस्ट २००४ रोजीं पॅरिस येथें जें रूप दाखविलें गेलें, त्यांत बैठकीचा गोळा नाहींसा झाला आणि संपूर्ण संगणक पडद्याच्या पाठीमागें सुमारें दोन इंच जाडींत दडला. सारी यंत्रणा पडद्याआड मावेना, म्हणून चौकट खालच्या अंगाला रुंद राहिली. लोकांनीं तिला थट्टेनें ‘हनुवटी’ म्हटलें. त्या हनुवटीवर मधोमध कंपनीनें राखाडी सफरचंद बसविलें. अडचणीची जागा अशा रीतीनें मानाची जागा ठरली. २००७ सालीं पांढरें प्लास्टिक जाऊन ॲल्युमिनियम आलें, सफरचंद काळें झालें. २०१२ सालीं कडा अवघी ५ मिलिमीटर झाली आणि तबकड्यांची खांच गेली. पण सफरचंद हललें नाहीं. जवळजवळ सतरा वर्षें तें त्याच ठिकाणीं होतें. ज्यांनीं या यंत्रावर उमेदीचीं वर्षें काम केलें, त्यांना तें दिव्याच्या बटणाइतकें परिचित झालें होतें.

२०२१ चें यंत्र मुळांतून नवें होतें. कंपनीनें स्वतः रचलेल्या एम-वन या चिपमुळें आंतील मुख्य फळी अगदीं लहान झाली. ती फळी व पंखे हनुवटींत बसविले आणि बाकीचें शरीर ११.५ मिलिमीटर जाडीचें, सपाट पत्र्यासारखें केलें. २०१२ चें यंत्र कडेला पातळ पण मध्यें फुगीर होतें. हें सर्वत्र सारखेंच. यासाठीं कांहीं किंमत मोजावी लागली. विजेचा पुरवठा करणारी पेटी यंत्राबाहेर काढून जमिनीवर ठेवावी लागली. कानांत घालण्याच्या ध्वनियंत्राची खांच मागच्या बाजूस पुरेशी खोल होईना, म्हणून ती डाव्या कडेला न्यावी लागली. पडद्याभोंवतीं काळ्याऐवजीं फिकट पांढरी चौकट आली. हनुवटी मात्र राहिली, आणि ती कोरी राहिली. सफरचंद गेलें तें पाठीवर. तेथें रंग गडद आणि समोर फिका, अशी योजना होती. काम करणाऱ्याच्या डोळ्यांना समोरचा रंग खुपूं नये, हें त्याचें कारण कंपनीनें दिलें.

येथें मतांच्या दोन फळ्या पडल्या. एका पक्षाचें म्हणणें असें : मेजावरचा संगणक भिंतीशीं उभा असतो, त्याला कोणी बगलेंत मारून नेत नाहीं, मग पातळपणासाठीं एवढा हव्यास कशाला? जर हनुवटी काढतां आली नाहीं, तर निदान तिचें प्रयोजन सांगणारें सफरचंद तरी ठेवावयाचें होतें. चिन्ह असतांना ती पट्टी नामफलकासारखी वाटे. तें जातांच ती नुसती उरलेली जागा दिसूं लागली. पांढऱ्या चौकटीनें चित्रांतील काळा रंग उजळ भासतो, अशी छायाचित्रकारांची आणखी एक तक्रार. दुसऱ्या पक्षाचें उत्तर तितकेंच सयुक्तिक होतें. ज्यानें पैसे मोजून यंत्र घेतलें, त्याला तें कोणाचें हें दिवसांतून शंभर वेळां कां सांगावें? आयफोन व आयपॅड यांच्या तोंडावर सफरचंद कधींच नव्हतें, आणि त्यांची ओळख कोणाला पटली नाहीं असें झालें नाहीं. घरांत ठेवावयाची वस्तु शांत असावी. तिनें आपल्या जन्मदात्याची टिमकी वाजवूं नये.

दोन्ही पक्ष ज्या प्रश्नाभोंवतीं घुटमळत होते, तो प्रश्न याच कंपनीनें पूर्वी एकदां सोडविला होता. १९९९ सालच्या आयबुक या हातांतल्या संगणकाच्या झांकणावर सफरचंद अशा रीतीनें बसविलें होतें कीं, झांकण मिटलेलें असतांना तें मालकाला सुलटें दिसावें. परिणाम असा होई कीं, झांकण उघडतांच समोरच्या लोकांना तें उलटें दिसे. मालकाची सोय पाहावी कीं जगाची दृष्टि, यावर कंपनींत बराच खल झाला, आणि २००१ च्या पॉवरबुकपासून चिन्ह फिरविण्यांत आलें. मालकाला तें उलटें दिसूं लागलें, जगाला सुलटें. म्हणजे निकाल पाहणाऱ्या परक्याच्या बाजूनें लागला होता. २०२१ सालीं आयमॅकच्या बाबतींत त्याच निकालाची पुढची पायरी गांठली गेली : मालकासमोर कांहींच नाहीं, समोरून येणाऱ्यापुढें रंग आणि चिन्ह दोन्हीहि.

यामुळें मतभेदाचें मूळ अभिरुचींत जितकें आहे, तितकेंच तें यंत्राच्या जागेंतहि आहे असें दिसून येतें. दुकानाच्या गल्ल्यावर किंवा कचेरीच्या दाराशीं ठेवलेल्या यंत्राची पाठ येणाऱ्याजाणाऱ्यांकडे असते. तेथें ही योजना अगदीं चपखल बसते. पण सामान्य घरांत मेज भिंतीला लावलेलें असतें. तेथें गडद रंग आणि सफरचंद हीं भिंतीच्या वाट्याला येतात आणि घरच्या माणसाच्या वाट्याला कोरी पट्टी. ज्यानें किंमत मोजली, त्यालाच ती शोभा दिसूं नये, ही तक्रार केवळ हट्टाची म्हणतां येणार नाहीं.

आपल्याकडे तांब्यापितळेच्या भांड्यावर नांव घालतात, तें घडविणाऱ्या तांबटाचें नव्हे, तर घरच्या माणसाचें किंवा देणाऱ्याचें. आयमॅकवरचें सफरचंद कारखान्यांतून कंपनीची मुद्रा म्हणून निघालें खरें. पण सतरा वर्षांच्या सहवासानें ती मुद्रा मालकांना आपल्याच घरची वाटूं लागली होती. ती काढतांना कंपनीला वाटलें कीं आपण आपलीच पाटी उतरवीत आहों. लोकांना वाटलें कीं आपल्या भांड्यावरचें नांव कोणी घांसून टाकलें. एकाच कृतीचे हे दोन अर्थ होते, आणि दोन्ही खरे होते.

आणखी एक गोष्ट या वादांत बहुतेकांच्या नजरेंतून निसटली. नव्या यंत्राचे सात रंग पाहावे : हिरवा, पिंवळा, नारिंगी, गुलाबी, जांभळा, निळा आणि रुपेरी. रुपेरी बाजूला ठेवला आणि गुलाबीला तांबड्याचा वंशज मानला, तर उरतात ते १९७७ च्या सफरचंदावरचे सहा पट्टे. चिन्ह समोरून गेलें, पण त्याचे रंग सगळ्या अंगभर पसरून परत आले. आरंभीची किंमतहि १९९८ चीच, १,२९९ डॉलर, ठेवली होती.

मार्च २०२२ मध्यें कंपनीनें २७ इंची आयमॅकची विक्री थांबविली, आणि दर्शनी सफरचंद असलेला अखेरचा आयमॅक बाजारांतून गेला. २०२३ आणि २०२४ सालीं नव्या चिप घालून निघालेल्या यंत्रांतहि समोरची पट्टी कोरीच राहिली. वाद हळूहळू निवला. नव्यानें यंत्र घेणाऱ्यांना तेथें कधीं कांहीं होतें याची कल्पनाहि नसते. जुनीं यंत्रें मात्र अद्याप कित्येक घरांत चालू आहेत, आणि त्यांच्यासमोर बसणाऱ्यांना तें काळें सफरचंद पूर्वींप्रमाणेंच दिसत आहे. २०२१ पूर्वीं त्याच्याकडे फारसें कोणी पाहत नव्हतें. आतां मात्र पाहतात.