बॅरिस्टर काका बॅप्टिस्टा : बेळगावच्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष

लोकमान्य टिळक १९१४ च्या जूनमध्ये मंडालेहून सुटून आले, तेव्हा त्यांचा पक्ष विस्कळीत झालेला होता. दोन वर्षांनी, २८ एप्रिल १९१६ रोजी, बेळगावला भरलेल्या प्रांतिक परिषदेच्या वेळी त्यांनी होमरूल लीगची स्थापना केली. टिळकांनी स्वतः कोणतेही पद घेतले नाही. चिटणीस झाले नरसिंह चिंतामण केळकर आणि अध्यक्षपदी बसले मुंबईचे एक ख्रिस्ती बॅरिस्टर, जोसेफ बॅप्टिस्टा. ज्यांना सनातनी ब्राह्मणांचे पुढारी म्हणून हिणवले जाई, त्यांच्याच संघटनेचे हे पहिले अध्यक्ष !

बॅप्टिस्टांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी माझगावच्या म्हातारपाखाडीत झाला. मूळ घराणे साष्टी बेटातील उत्तनचे. पोर्तुगीज अमलात धर्मांतर झालेल्या या समाजाने १८८७ पासून 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. ज्या राजवटीच्या भयाने आपल्या पूर्वजांना देवांसह नदीपार जावे लागले, तिचीच छाप या समाजाच्या आडनावांवर राहिली. घरातली बोली मात्र मराठीच. गोमंतकातल्या वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

पुण्याच्या सायन्स कॉलेजात ते अभियांत्रिकी शिकले आणि ठाणे जिल्ह्यात वनखात्यात नोकरीस लागले. पोटापाण्याची चिंता मिटली होती, तरी ती सोडून केंब्रिजला जाऊन त्यांनी राज्यशास्त्राची पदवी घेतली व १८९९ मध्ये ते बॅरिस्टर झाले. मायदेशी परतल्यावर १९०१ साली ते मुंबई महापालिकेवर निवडून आले. वकिली चालू होतीच. पण तिचा उपयोग द्रव्यार्जनापेक्षा निराळ्या कामी अधिक झाला. नाशिक कटाच्या खटल्यात विनायकराव सावरकरांच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या वकिलांत बॅप्टिस्टा होते. राजद्रोहाच्या आरोपींची बाजू घेणे म्हणजे सरकारच्या नजरेत येणे, हे त्यांना अर्थात ठाऊक होते.

बेळगावच्या निवडीमागे टिळकांचा हिशेब असेलही. अन्य धर्मीय अध्यक्ष मिळाल्याने चळवळीला संकुचित म्हणणाऱ्यांची तोंडे बंद होत होती. परंतु केवळ शोभेचा माणूस १९१७ साली लीगचा प्रतिनिधी म्हणून विलायतेस धाडला गेला नसता. तेथे त्यांनी मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांशी संधान जुळवले व होमरूलची मागणी त्यांच्यापुढे मांडली. इकडे १ मे १९१६ रोजी बेळगावात आणि पुढे अहमदनगरला केलेल्या भाषणांवरून टिळकांकडून चांगल्या वर्तनाचा जामीन मागितला गेला होता. नोव्हेंबरात हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. त्या खटल्यात टिळकांची वकिली बॅरिस्टर जिनांनी केली. लोकमान्यांच्या भोवती त्या काळी कोणकोण होते, हे आज वाचताना मन थबकते.

टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी निवर्तले. त्यानंतर काँग्रेसच्या नव्या प्रवाहात बॅप्टिस्टा पूर्वीप्रमाणे अग्रभागी राहिले नाहीत. कौन्सिलांवरील बहिष्कार त्यांच्या बुद्धीस पटणारा नव्हता. त्याच वर्षाच्या ३१ ऑक्टोबरला मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन झाले. तिच्या संस्थापकांत ते होते. पुढच्या वर्षी झरियाच्या कोळसा खाणींच्या मुलखात भरलेल्या दुसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले आणि १९२४ साली हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जिनिव्हास गेले. विद्वान बॅरिस्टरास पोस्टमन आणि गिरणी कामगार 'काका' म्हणत. १९२५ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष निवडले गेले. महापौर हे नाव त्या पदास पुढे १९३१ पासून आले.

१८ सप्टेंबर १९३० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची कबर शिवडीच्या दफनभूमीत आहे, आणि माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरील जलाशयाभोवतीच्या उद्यानाला त्यांचे नाव आहे. तेथून बंदर दिसते. संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्या नावाचा बेळगावशी संबंध ठाऊक असतो.