खांबाचे खड्डे

इनामगाव म्हटलं की बहुतेकांना चार पायांच्या रांजणातलं दफन आठवतं. मला मात्र तिथले खड्डे जास्त आवडतात. खांबांचे खड्डे!

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली शंभरावर घरं सापडली. आधीची चौकोनी, ऐसपैस: बुटकी मातीची भिंत, वर कूड, शाकारलेलं छप्पर. शेवटच्या काळात लहान गोल झोपड्या. लाकूड कधीच कुजलं. जमिनीत खांब रोवल्याच्या खुणा उरल्या.

आता मंडळी, याच तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत या. तिथल्या पोलादी शेड्स म्हणजे कारखान्यात कापून, भोकं पाडून आणलेले सांगाडे. जागेवर फक्त नटबोल्टने जोडायचे. आपल्याला वाटतं, इंजिनिअरला चिंता छप्पर खाली येण्याची. पण अशा शेडमध्ये बरेचदा खरी चिंता असते ते वर जाण्याची!

गणित सोपं आहे. आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात (१९८७, सुधारित २०१५) पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिलाय. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की चौरस मीटरला साधारण ९३ किलोचा दाब येतो. छपराचा उतार, इमारतीची उंची वगैरेंनी हा आकडा बदलतो, पण अंदाज येतो. उलट पत्रा आणि सांगाडा मिळून वजन असतं चौरस मीटरला २०-४० किलो. त्यात मोठं दार उघडं राहिलं, की वारा आतून ढकलतो आणि बाहेरून ओढतो.

म्हणूनच आयएस ८०० (२००७) मधला एक नियम मला फार आवडतो. एरवी स्वतःचं वजन १.५ पट धरायचं. पण तेच वजन इमारतीला जमिनीवर धरून ठेवत असेल, तर फक्त ०.९ पट, वारा मात्र १.५ पटच. थोडक्यात, मदतीवर भरवसा कमी, संकटावर जास्त. आम्ही कोड लिहिणाऱ्यांनी हे शिकायला हरकत नाही.

मग जड बांधावं का? ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत जाडजूड दगडी भिंती आणि मातीची माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो. तिथे कुडाचं घर बरं.

असो. इनामगावकरांनी वाऱ्याचा हिशेब मांडला होता असं मी म्हणत नाही. पण हलकं छप्पर आणि जमिनीत रोवलेला खांब ही जोडी त्यांच्याकडे होती. आज त्या खड्ड्याच्या जागी काँक्रीटचा पाया आणि अँकर बोल्ट आले. गावातली गोठ्याची, पोल्ट्रीची शेड मात्र बरेचदा वेल्डरच्या अंदाजानेच उभी राहते. तिथे पत्रा किती जाडीचा, हे सगळे विचारतात. खांबाखाली काँक्रीट किती, हे विचारायचं राहून जातं, आणि वळवाच्या वादळात पत्रे शेजारच्या उसात सापडतात.