मळातून निघालेला झोत

सोन्याच्या पत्र्यात हायड्रोजन नसतो. तरी कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत अशा पत्र्यावर पेटावॅट लेझरचा स्पंद आदळला, तेव्हा मागच्या बाजूने प्रोटॉनांचा, म्हणजे हायड्रोजनच्याच केंद्रकांचा, झोत निघाला. तिथल्या प्रयोगांत प्रोटॉनांची ऊर्जा 5 कोटी 80 लाख इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत गेली. 2000 साली हे निष्कर्ष छापून आले. हा हायड्रोजन कुठला? पत्र्यावर बसलेल्या मळातला. निर्वात पेटीतही पाण्याच्या वाफेचा आणि तेलकटपणाचा एक अतितलम थर धातूला चिकटून राहतो. लेझरने आयन पळवण्याच्या तंत्राचं कूळ त्या थरात आहे.

याआधीची पिढी उपेक्षित राहिली. कार्बन डायऑक्साइड लेझर वापरून अणुसंमीलन साधू पाहणाऱ्यांनाही वेगवान आयन दिसत. पण त्यांच्या लेखी ती वाया जाणारी ऊर्जा होती. 1985 साली रोचेस्टर विद्यापीठात डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी अतितीव्र स्पंद मिळवण्याची वाट काढली: स्पंद आधी ताणायचा, मग वाढवायचा, शेवटी दाबून आखूड करायचा. 2018 चं नोबेल त्यांना यासाठीच मिळालं. याच युक्तीवर लिव्हरमोरने 1996 साली पेटावॅटची पातळी गाठली.

झोत दिसल्यावर वाद उभा राहिला: प्रोटॉन पत्र्याच्या पुढून निघतात की मागून? लिव्हरमोरच्या गटाने पाचरीच्या आकाराचं लक्ष्य लावलं आणि त्यामागे किरणांनी रंग बदलणाऱ्या फिल्मचे थर रचले. लेझर एकच, पण फिल्मवर डाग दोन उमटले. पाचरीच्या मागच्या दोन्ही उतारांना काटकोनात. झोत मागच्या पृष्ठभागावरून निघतो, याचा हा ढळढळीत पुरावा होता. 2001 मध्ये स्कॉट विल्क्स आणि सहकाऱ्यांनी त्याची उपपत्ती मांडली. लेझर पुढचे इलेक्ट्रॉन तापवतो, ते पत्रा भेदून मागे ढगासारखे साचतात, आणि तिथे मीटरला लाख कोटी व्होल्टांच्या घरातलं विद्युतक्षेत्र उभं राहतं. नेहमीच्या त्वरकांत ते काही कोटींवर थांबतं. या ओढीत सर्वांत हलका हायड्रोजन आधी सुटतो.

ते पहिले पत्रे साधारण कागदाइतके जाड होते. पत्रा पातळ केला तर इलेक्ट्रॉन कमी पसरतात आणि ओढ वाढते. अडचण एकच: मुख्य स्पंदाआधी येणारा क्षीण प्रकाशसुद्धा पापुद्र्याच्या चिंधड्या करतो. त्यावर प्लाझ्मा-आरसा हा उपाय सापडला. ही साधी काच क्षीण प्रकाश आरपार जाऊ देते. तीव्र स्पंद आला की तिच्या पृष्ठभागाचा प्लाझ्मा होऊन ती आरसा बनते. असा निर्मळ स्पंद हाती आल्यावर 2009 साली बर्लिनमध्ये हिऱ्यासारख्या कार्बनचा सुमारे 5 नॅनोमीटर जाडीचा पापुद्राही वापरता आला. तिथे प्रकाशाचा दाबच आयनांना पुढे रेटतो.

ड्रेस्डेनच्या संशोधकांनी 2022 साली लेझर-प्रोटॉनांनी उंदरांच्या गाठींवर किरणोपचार केले आणि 2024 साली प्लॅस्टिकच्या पापुद्र्यातून 15 कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टचे प्रोटॉन मिळवले. रुग्णांवरचे प्रोटॉन-उपचार आजही सायक्लोट्रॉन आणि सिंक्रोट्रॉननेच होतात. लेझरच्या झोताला तेवढी शिस्त अजून आलेली नाही. पण लिव्हरमोरचे प्रोटॉन शरीरात जेमतेम 3 सेंटिमीटर शिरले असते. ड्रेस्डेनचे सुमारे 16 सेंटिमीटर खोल जाऊ शकतात.