जमिनीवरून न सुटलेला वाद: बिर्केलांड प्रवाहांची गोष्ट

समजा, दोन सिद्धांत आहेत आणि तुमचा डेटा दोघांनाही सारखाच जुळतो. मग काय करायचं? आणखी डेटा गोळा करायचा? अवकाश-भौतिकीत हा पेच साधारण साठ वर्षं चालला.

१९०२-०३ मध्ये क्रिस्तियान बिर्केलांड यांनी नॉर्वे, आइसलंड, स्पिट्सबर्गन आणि नोव्हाया झेम्ल्या इथे चार निरीक्षण केंद्रं उभारली. ध्रुवीय प्रकाशाच्या वेळी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र विस्कटतं, त्याच्या नोंदी त्यांना हव्या होत्या. त्यावरून १९०८ मध्ये त्यांनी मांडलं की विद्युतप्रवाह अवकाशातून खाली येतो, वरच्या वातावरणात आडवा वाहतो आणि पुन्हा वर जातो. सिडनी चॅपमन यांना हे पटलं नाही. त्यांच्या मते प्रवाहाचं मंडल आयनांबरातच, म्हणजे आयनोस्फिअरमध्येच, पूर्ण होतं. हानेस आल्फवेन बिर्केलांडच्या बाजूने उभे राहिले, पण वाद काही मिटेना.

का मिटेना? १९६९ मध्ये नाओशी फुकुशिमा यांनी गणिताने त्याचं उत्तर दिलं. आयनांबराची विद्युतवाहकता सगळीकडे सारखी धरली, तर उभे प्रवाह आणि त्यांना जोडणारे आडवे प्रवाह यांचे परिणाम जमिनीवर एकमेकांना खोडून काढतात. म्हणजे दोन्ही चित्रं खालून सारखीच दिसतात! जमिनीवर कितीही केंद्रं वाढवली असती, तरी फक्त त्यांच्या नोंदींवरून निकाल लागला नसता.

त्यासाठी वर जाणं भाग होतं. अमेरिकन नौदलाचा १९६३-३८सी हा उपग्रह सुमारे ११०० किलोमीटर उंचीवरून फिरत होता. आल्फ्रेड झमुडा आणि सहकाऱ्यांना त्याच्या मॅग्नेटोमीटरमध्ये, ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यावरून जाताना, बलरेषांना काटकोनात असलेले झटके दिसले. १९६६ च्या लेखात त्यांनी त्यांचा अर्थ ‘प्लाझ्मातल्या लाटा’ असा लावला. पुढच्याच वर्षी कमिंग्ज आणि डेस्लर यांनी तीच निरीक्षणं घेऊन म्हटलं, हे तर बलरेषांवरून वाहणारे प्रवाह!

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. उपग्रह या प्रवाहाला तारेतल्यासारखा अॅमीटर लावत नाही. तो चुंबकीय क्षेत्र मोजतो आणि अँपिअरच्या नियमाने आपण प्रवाह काढतो. प्रवाहाचा पातळ, लांबलचक पडदा ओलांडताना क्षेत्र ५०० नॅनोटेस्लांनी बदललं, तर पडद्याच्या दर मीटर लांबीला ०.४ अँपिअर, म्हणजे किलोमीटरला ४०० अँपिअर. पण उपग्रह सेकंदाला ७ किलोमीटर पळतोय. दिसलेला बदल जागेमुळे की काळामुळे, हे एकटा उपग्रह एका फेरीत सांगू शकत नाही. ‘लाट की प्रवाह’ हा गोंधळ याच फटीतून आला.

१९७२ च्या ट्रायड उपग्रहाच्या फेऱ्यांमध्ये त्याच पट्ट्यावर तीच रचना पुन्हा पुन्हा दिसली. १९७६ मध्ये ईजिमा आणि पोटेम्रा यांनी त्यातून ध्रुवाभोवतीच्या प्रवाहांची दोन कडी नकाशावर आणली. २०१३ मध्ये अवकाशात गेलेल्या स्वार्म मोहिमेतले दोन उपग्रह शेजारी-शेजारी उडतात, त्यामुळे ‘पडदा लांबलचक आहे’ हे गृहीतही आता तितकं लागत नाही.

म्हणून प्रस्ताव लिहिताना ‘किती डेटा?’ याच्या आधी विचारा: माझं मोजमाप या दोन स्पष्टीकरणांत फरक करू शकतं का? नसेल, तर आधी मोजायची जागा बदला.