हार्डवेअर-गरजांची शब्दसंग्रह-जुळवणी

एखादे सॉफ्टवेअर चालण्यासाठी लागणारी मेमरी, साठवणजागा, प्रोसेसर आणि उपकरण यांची माहिती लिंक्ड डेटाच्या एका शब्दसंग्रहातून दुसऱ्यात, अर्थ न बिघडवता नेण्याची पद्धत. लिंक्ड डेटाची तत्त्वे टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये मांडली. या मांडणीत वस्तूंना आणि गुणधर्मांना वेबवर स्वतःचा पत्ता असतो आणि माहिती विषय, गुणधर्म व मूल्य अशा त्रिकांत, म्हणजे आरडीएफमध्ये, लिहिली जाते. सॉफ्टवेअरच्या वर्णनाचे शब्दसंग्रह निरनिराळ्या गटांनी आपापल्या कामासाठी घडवले. त्यामुळे जुळवणीची गरज पडते.

प्रमुख शब्दसंग्रह : गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी २०११ मध्ये सुरू केलेल्या स्कीमा.ऑर्गमध्ये हार्डवेअर-गरजांची नोंद सर्वांत तपशीलवार होते. त्यातील ‘मेमरी-रिक्वायरमेंट्स’ किमान मेमरी सांगतो, ‘स्टोरेज-रिक्वायरमेंट्स’ मोकळी जागा, ‘प्रोसेसर-रिक्वायरमेंट्स’ प्रोसेसरची रचना, तर ‘अव्हेलेबल-ऑन-डिव्हाइस’ विशिष्ट उपकरण. ग्राफिक्स कार्डासाठी मात्र स्वतंत्र गुणधर्म नाही. संशोधनाच्या सॉफ्टवेअरसाठी तयार झालेला कोडमेटा या गरजांसाठी स्कीमा.ऑर्गमधीलच नावे वापरतो आणि इतर पद्धतींशी त्यांचे नाते एका तक्त्यात देतो. एड डम्बिल यांनी २००४ मध्ये सुरू केलेल्या डोॲप या सॉफ्टवेअर-प्रकल्पांच्या शब्दसंग्रहात ‘ओएस’ आणि ‘प्लॅटफॉर्म’ हे गुणधर्म आहेत. मेमरी किंवा डिस्क यांसाठी काहीच नाही. विकिडेटात कार्यप्रणालीसाठी पी ३०६ आणि प्लॅटफॉर्मसाठी पी ४०० हे गुणधर्म वापरतात.

जुळवणीचे संबंध : २००९ मध्ये डब्ल्यू३सी या वेब-मानक संस्थेची शिफारस ठरलेल्या स्कॉसमध्ये तंतोतंत, जवळचा, व्यापक आणि संकुचित असे जुळणीचे प्रकार आहेत. ते मुळात संकल्पनांसाठी आहेत. गुणधर्मांसाठी आरडीएफ स्कीमाचा ‘उपगुणधर्म’ हा एकदिशी संबंध किंवा आऊल या भाषेचा ‘समतुल्य गुणधर्म’ हा दुहेरी संबंध वापरतात. दुहेरी संबंध जपून जोडावा लागतो. डोॲपचा ‘प्लॅटफॉर्म’ म्हणजे जावासारखा सॉफ्टवेअरचा पाया. विकिडेटाच्या पी ४०० मध्ये मात्र प्लेस्टेशन २ सारखे यंत्रही येते. दोन्ही समतुल्य ठरवले, तर त्या यंत्रासाठी काढलेल्या खेळाची नोंद डोॲपमध्ये चुकीच्या अर्थाने उतरते आणि पुढचे प्रत्येक अनुमान त्या चुकीवर उभे राहते. म्हणून नाव सारखे दिसले तरी आधी दोन्ही व्याख्या वाचणे हे या कामातील पहिले कर्तव्य होय.

अडचणी : नावे जुळली तरी मूल्ये जुळतीलच असे नाही. स्कीमा.ऑर्गमध्ये मेमरीची गरज बहुधा ‘२ जीबी’ अशा साध्या मजकुरात लिहिलेली असते. दशमान पद्धतीने हे २,००,००,००,००० बाइट होतात, द्विमान पद्धतीने २,१४,७४,८३,६४८. फरक सुमारे ७ टक्क्यांचा आहे. लिनक्सच्या जगातील ॲपस्ट्रीम ही एक्सएमएल पद्धत मेमरी थेट मेबिबाइटमध्ये मागते, शिवाय ‘आवश्यक’ आणि ‘शिफारस’ असे वेगळे कप्पे ठेवते. हा भेद स्कीमा.ऑर्गमध्ये नेताना शिफारस केलेला आकडा किमान मर्यादेच्या जागी बसला, तर जुने यंत्र वापरणाऱ्याला चालणारे सॉफ्टवेअरही ‘चालणार नाही’ असे सांगितले जाते.

नकाराची अडचण याहून कठीण आहे. जावास्क्रिप्टच्या एनपीएम या पॅकेज-व्यवस्थेच्या नोंदीतील ‘सीपीयू’ या रकान्यात प्रोसेसरच्या नावापूर्वी उद्गारचिन्ह लावले, की तो प्रोसेसर वर्ज्य ठरतो. ‘प्रोसेसर-रिक्वायरमेंट्स’मध्ये नकाराची सोय नाही; त्यामुळे हस्तांतरणात ते चिन्ह गळले, तर वर्ज्य प्रोसेसरच आवश्यक ठरतो. मौनाचा अर्थही बदलतो. डोॲपमध्ये ‘ओएस’ गाळणे म्हणजे सॉफ्टवेअर कोणत्याही एका कार्यप्रणालीला बांधलेले नाही, स्कीमा.ऑर्गमध्ये कार्यप्रणालीचा गुणधर्म नसणे म्हणजे एवढेच, की त्याबद्दल काही सांगितलेले नाही.

चांगली पद्धत : मूळ मजकूर जसाच्या तसा राखून त्याशेजारी आकडा, एकक आणि मर्यादेचा प्रकार स्वतंत्रपणे लिहावा. एककांसाठी क्यूयूडीटीसारखा शब्दसंग्रह वापरता येतो; नोंदीचा साचा शॅकल या २०१७ च्या डब्ल्यू३सी मानकाने तपासता येतो. जुळणीची प्रत्येक ओळ कोणत्या आधारावर ठरवली, ते एसएसएसओएम या तक्तापद्धतीत लिहिता येते. जुळणीवर किती विश्वास ठेवावा हेही त्यात आकड्याने नोंदवण्याची सोय आहे. जिथे समोर योग्य गुणधर्मच नाही, तिथे ‘जुळणी नाही’ असे स्पष्ट लिहावे. ओढूनताणून केलेल्या जुळणीपेक्षा ते कितीतरी उपयोगी असते.

महत्त्व : फ्रान्समधील इन्रिया या संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केलेला सॉफ्टवेअर हेरिटेज हा संग्रह स्रोतसंहिता कायमस्वरूपी जपतो आणि तिच्यासोबतची कोडमेटा फाइलही वाचतो. जपलेली संहिता पुढच्या पिढीला चालवून पाहायची असेल, तर ती कोणत्या यंत्रावर, किती मेमरीत चालत होती हे कळलेच पाहिजे. ते यंत्र बाजारातून गेल्यावर ही माहिती नव्याने मिळवणे फार अवघड होते. जुळवणीत आज राखलेले एकक आणि मर्यादा हाच तेव्हा त्या सॉफ्टवेअरचा निकाल पुन्हा पडताळण्याचा आधार ठरतो.