पहिला क्रमांक आणि तबकडीची मागची बाजू

ग्रामोफोनच्या दिवसांत जत्रेत किंवा लग्नाच्या मांडवात कर्णा लागला की एखादे गाणे दिवसातून पंधरा वेळा कानांवर यायचे. पोरे म्हणायची, “तेच लावा, तेच लावा!” तबकडी झिजून खरखरू लागली तरी मागणी संपत नसे. गाणे लोकांना आवडले, एवढे सगळ्यांना कळे. किती आवडले, हे मात्र कोणी मोजत नसे.

इंग्लंड-अमेरिकेत ते मोजत. दर आठवड्याला कोणती तबकडी किती खपली याची यादी छापून येई. आपल्याकडेही रेडिओ सिलोनवर १९५२ साली श्री. अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि पुढे तीत गाण्यांना ‘पायदान’ मिळू लागले. आज आपण अशाच यादीची गोष्ट पाहणार आहोत. ती आहे लिव्हरपूल या बंदराच्या शहरातील चार तरुणांची: जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार. त्यांच्या वाद्यवृंदाचे नाव बीटल्स.

प्रारंभ नकारानेच झाला. १ जानेवारी १९६२ रोजी लंडनच्या डेक्का कंपनीने त्यांची परीक्षा घेतली. पंधरा गाणी ऐकली आणि नापास केले! रिंगो तेव्हा त्यांच्यात नव्हता, तो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला. मंडळींचा कारभार पाहणारे ब्रायन एपस्टीन हे लिव्हरपूलमध्ये तबकड्यांचे दुकान चालवीत. ते हिंडत हिंडत इ.एम.आय. कंपनीच्या जॉर्ज मार्टिन यांच्याकडे पोहोचले. आपल्याकडे कुत्रा आणि भोंगा ही जिची खूण घरोघर ओळखीची होती, ती ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ याच कुटुंबातली, बरं का.

५ ऑक्टोबर १९६२ रोजी त्यांची पहिली तबकडी निघाली, ‘लव्ह मी डू’. ही तबकडी सात इंच व्यासाची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी, प्रत्येक बाजूला एक गाणे. ब्रिटनच्या यादीत ती सतराव्या स्थानापर्यंत चढली. पुढचे गाणे ‘प्लीज प्लीज मी’. मूळ चाल संथ होती. मार्टिन म्हणाले, लय वाढवा. मुलांनी वाढवली आणि जानेवारी १९६३ मध्ये तबकडी बाजारात आली.

मग ती पहिली आली का? आता येथे मौज पाहा. त्या काळी ब्रिटनमध्ये एकच अधिकृत यादी नव्हती. प्रत्येक वृत्तपत्र आपापल्या ओळखीच्या दुकानांकडून आकडे मागवी आणि आपली यादी करी. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ आणि ‘मेलडी मेकर’ यांच्या याद्यांत हे गाणे पहिले आले. ‘रेकॉर्ड रिटेलर’ हे दुकानदारांचे व्यापारी पत्र, ते थोड्याच दुकानांचे आकडे घेई. त्याच्या यादीत गाणे दुसऱ्या क्रमांकावर थांबले. गाणे तेच आणि गिऱ्हाइकेही तीच. मोजणारा बदलला आणि क्रमांक बदलला. ही गोष्ट ध्यानात ठेवा, आपण पुन्हा तिच्याकडे येणार आहोत.

११ फेब्रुवारी १९६३ रोजी एका दिवसात त्यांनी दहा गाणी ध्वनिमुद्रित केली. ती आणि आधीची चार मिळून पहिली मोठी तबकडी झाली. ती मोठ्या तबकड्यांच्या यादीत तीस आठवडे पहिली राहिली. तिला खाली उतरवले ते त्यांच्याच दुसऱ्या तबकडीने!

अमेरिकेत काय झाले? तेथे कॅपिटॉल ही कंपनी इ.एम.आय.चीच, पण तिने आरंभीची गाणी नाकारली. तेव्हा शिकागो आणि फिलाडेल्फिया येथील लहान कंपन्यांनी ती काढली. त्यांना कोणी विचारले नाही. अखेर कॅपिटॉलने डिसेंबर १९६३ मध्ये ‘आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड’ काढले आणि १ फेब्रुवारी १९६४ च्या ‘बिलबोर्ड’ यादीत ते पहिले आले. ९ फेब्रुवारीला दूरचित्रवाणीवर सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी त्यांना पाहिले. मग लहान कंपन्यांकडे पडून असलेला जुना मालही धडाधड उठू लागला. ४ एप्रिल १९६४ च्या यादीत पहिले पाचही क्रमांक बीटल्सचे! बांधाआड तुंबलेले पाणी एकदम पाटात यावे, तसे हे झाले. वर्षभर नकार मिळाला नसता, तर पाच गाणी एकाच आठवड्यात अशी एकत्र आली असती का?

आता मुंबईकडे वळू, कारण या गोष्टीचा एक धागा तेथे आहे. जॉर्ज हॅरिसन १९६६ साली पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईस आला होता. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला, तो एका चित्रपटाचे संगीत ध्वनिमुद्रित करण्यासाठी. एच.एम.व्ही.चा स्टुडिओ फोर्टात कचेऱ्यांच्या इमारतीत होता. बाहेरचा आवाज अडवण्याची नीट सोय नव्हती. हॅरिसनने पुढे आठवण सांगितली, की साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की काम थांबवावे लागे. जिन्यावरून उतरणाऱ्या माणसांची धडधड आत ऐकू येई. कंपनीचे भास्कर मेनन यांनी त्याच्यासाठी कलकत्त्याहून रेल्वेने यंत्र आणवले.

त्याच दिवसांत आणखी एका गाण्याचे वादन तेथे मुद्रित झाले. गाण्याचे नाव ‘द इनर लाइट’. सरोद वाजवली आशिष खान यांनी, बासरी हरिप्रसाद चौरसिया यांनी. जोडीला सनई, पखवाज आणि पेटी. चौरसिया १९५७ साली आकाशवाणीच्या कटक केंद्रावर लागले होते, तेथून मुंबईस आले. गाण्याची कल्पना एका शिक्षकाची होती. केंब्रिजला संस्कृत शिकवणारे आणि गीतेचे इंग्रजी भाषांतर करणारे हुआन मास्कारो यांनी हॅरिसनला पत्र लिहून, चिनी ‘ताओ ते चिंग’ या ग्रंथातील एका प्रकरणाला चाल लावावी असे सुचवले. हॅरिसनने ते मनावर घेतले आणि लंडनला परतून आवाज भरला.

मार्च १९६८ मध्ये तबकडी निघाली. पुढच्या बाजूला ‘लेडी मॅडोना’, मागच्या बाजूला हे मुंबईचे वादन. पुढची बाजू ब्रिटनमध्ये पहिली आली, अमेरिकेत चौथी. मागची बाजू? अमेरिकेच्या यादीत एक आठवडा शहाण्णवावी! पण अहो, तबकडी एकच. ज्या ज्या घरात पहिला क्रमांक गेला, त्या त्या घरात आपली बासरी आणि सरोदही गेली. यादीत मात्र तिची नोंद तळाशी.

बीटल्स १९७० मध्ये विभक्त झाले. २००० साली त्यांच्या पहिल्या क्रमांकाच्या २७ गाण्यांचा संग्रह ‘१’ या नावाने निघाला. त्यात ‘प्लीज प्लीज मी’ नाही. का? पुढे ‘रेकॉर्ड रिटेलर’ची जुनी यादी प्रमाण मानली गेली म्हणून. उलट ब्रिटनमध्ये सतरावे आलेले ‘लव्ह मी डू’ संग्रहाच्या आरंभीच आहे, कारण १९६४ मध्ये अमेरिकेत ते पहिले आले होते. १९६३ मध्ये काही दुकानदारांनी केलेली बेरीज सदतीस वर्षांनंतरही एका गाण्याला दाराबाहेर ठेवते, पाहा!

क्रमांक खोटा असतो, असे मला म्हणायचे नाही. इतक्या माणसांनी पदरचे पैसे देऊन तबकडी घेतली, ही साधी गोष्ट नव्हे. परंतु क्रमांक दिसला की तीन प्रश्न विचारावेत: कोणी मोजले? काय मोजले? मागच्या बाजूला काय राहिले? गुरुजींनी आणि बाईंनी निकालाचा कागद हातात घेताना हे प्रश्न आठवले तर बरेच.

आणि एक करता येईल. ‘द इनर लाइट’ आज फोनवरही ऐकायला मिळते. वर्गात ते लावावे आणि कोणते वाद्य कोठे वाजते ते मुलांना ओळखायला सांगावे. गाणे तीन मिनिटांहूनही लहान आहे. तास संपायच्या आत दोनदा ऐकून होईल.