कळ काढणे : प्रसूतीच्या पहिल्या प्रहरांविषयी

मराठीत 'कळ' या शब्दाला तीन क्रियापदे चिकटतात आणि तीन वेगवेगळे अर्थ उभे राहतात. 'कळा येणे' ही शरीरात आपोआप घडणारी गोष्ट. 'कळा देणे' हा शेवटच्या टप्प्यातला स्त्रीचा स्वतःचा जोर. 'दे, अजून एक कळ दे' असे सुईण म्हणते ते याच अर्थाने. आणि तिसरे 'कळ काढणे', म्हणजे सोसत थांबणे. बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला 'जरा कळ काढा' असे आपण सहज सांगून जातो, तेव्हा बाळंतपण कुणाच्या मनातही नसते. परंतु पहिलटकरणीच्या बाबतीत ही तीन क्रियापदे ज्या क्रमाने लागू पडतात तो पाहण्यासारखा आहे. कळा येऊ लागल्यानंतर कळा देण्याची वेळ येईपर्यंत मध्ये जो दीर्घ पट्टा असतो, कधी आठ तासांचा, कधी दीड दिवसाचा, तो सगळा कळ काढण्याचा असतो. या पट्ट्यातला खरा शत्रू वेदना नव्हे, थकवा.

प्रसूतीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या प्रहरांकडे फारसे पाहिलेले नाही. मृत्यू, शस्त्रक्रिया, चिमटे, पहिली स्त्री-डॉक्टर, पहिले रुग्णालय यांची नोंद होते. 'अजून काही होत नाहीये' असे ज्या वेळेबद्दल म्हटले जाते तिचा इतिहास कोण लिहिणार? तरीही तो आहे, आणि त्याचा आरंभ बराच जुना आहे.

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात प्रसूती जवळ आल्याची लक्षणे सांगितली आहेत. त्या यादीत पहिले लक्षण वेदना नाही. पहिला आहे 'क्लम', गात्रांचा थकवा, आणि त्यामागोमाग चेहऱ्याची 'ग्लानि' व डोळ्यांचे शैथिल्य. म्हणजे स्त्री प्रसूतीच्या दारात येते तीच दमलेली, हे संहिताकारांनी पाहिले होते. पुढे त्याच अध्यायात एक वाद येतो, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तो केवळ वाद म्हणूनही वाचावा असा आहे. कळा येत आहेत पण सुटका होत नाही, अशा वेळी काय करावे? काहींचे मत असे दिले आहे की तिला उठवावे, हातात मुसळ द्यावे, धान्याने भरलेले उखळ पुन्हापुन्हा कांडायला लावावे, मधूनमधून जांभया द्यायला आणि चालायला सांगावे. आत्रेय हे मत खोडून काढतात. गर्भिणीला दारुण व्यायाम नेहमीच वर्ज्य, आणि प्रसूतिकाळी तर विशेषच. त्या वेळी तिचे सारे धातू व दोष चळलेले असतात, मुसळाच्या श्रमाने प्रेरित झालेला वायू संधी साधून प्राण घेऊ शकतो, आणि त्या अवस्थेत उपचारही कठीण असतो. म्हणून मुसळ नको. जांभई आणि चालणे मात्र असावे.

या निवाड्यातली बारीक विवेकबुद्धी मला फार मोलाची वाटते. पूर्वपक्षातले सगळेच टाकलेले नाही. शरीर हलते ठेवणारे ते ठेवले, शरीर झिजवणारे ते काढले. कष्टाने बाळंतपण सोपे होते, ही समजूत आपल्या घरांतून आजही ऐकू येते. 'आमच्या वेळी शेवटच्या दिवसापर्यंत दळण-कांडण करत होतो' हे वाक्य कोणत्या आजीने म्हटलेले नाही? त्या समजुतीला एवढ्या जुन्या ग्रंथात एवढा स्पष्ट नकार मिळालेला आहे. त्याच ठिकाणी आणखी एक सूचना आहे: कळ आलेली नसताना जोर करू नये. शिंक वा अन्य वेग आलेला नसताना तो ओढूनताणून आणण्याचा प्रयत्न जसा वाया जातो, तसाच हा जोर. शक्ती राखून ठेवण्याचे शास्त्र ते हेच.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातला दहावा अध्याय दुसरी बाजू पुरवतो. तेल चोळून, उष्णोदकाने स्नान घालून स्त्रीला गळ्यापर्यंत भरपेट यवागू, म्हणजे पेज, पाजावी असे तिथे सांगितले आहे. आणि नखे कापलेल्या, प्रसूतिकर्मात कुशल, उतारवयाच्या चार स्त्रिया तिच्या सेवेला असाव्यात असेही. चरकातही भोवतीच्या स्त्रिया अनेकदा प्रसूत झालेल्या, जीव लावणाऱ्या आणि क्लेश सोसणाऱ्या हव्यात, त्यांनी तिला धीर देणारे व समजावणारे बोल बोलावेत, असे आले आहे. पेज, कोमट पाणी, चालणे, आश्वासक बोलणे. थकव्यावरचा एवढाच उपाय.

अर्थात ग्रंथात होते म्हणून घरात होते असे समजणे हा आपल्याकडचा जुना भाबडेपणा. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात बाळंतिणीची खोली ही बहुधा घरातली सर्वांत अंधारी, कोंदट खोली असे. सोयर आणि विटाळ यांमुळे जवळची माणसे दूर राहत. अनेक गावांत सुईण न्हावी, मांग, महार अशा जातींतली असे. ज्या हातांवर जीव सोपवायचा त्या हातांचा एरवी स्पर्श चालत नसे. तिच्याजवळचे ज्ञान कुणी लिहून घेतले नाही. जात्यावरच्या ओव्या तरी गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांनी एक लाखाहून अधिक संख्येने जमा झाल्या. सुईणीच्या बोलण्याचा असा संग्रह आपल्याजवळ नाही.

या काळोखातून आलेले एक नाव सर्वांना ठाऊक आहे. आनंदीबाई जोशी वयाच्या चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, आणि तो मुलगा दहा दिवसांचा होऊन गेला. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली, ती 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र' या विषयावर प्रबंध लिहून. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) मुळे आपल्याला त्यांचे सहजीवन ठाऊक झाले. प्रबंधाचा विषय मात्र आपण नुसता उल्लेखून पुढे जातो. वास्तविक अमेरिकेत शिकणाऱ्या त्या विशीतल्या मुलीने जगातला कोणताही विषय निवडला असता. तिने जुन्या संस्कृत ग्रंथांतील बाळंतपण निवडले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. दवाखान्यात बसून एकाही बाईला 'कळ काढ' म्हणण्याची संधी त्यांना मिळाली नाही.

त्याच १८८६ साली मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले, स्त्री-डॉक्टरांनी स्त्रियांसाठी चालवलेले. डॉ. एडिथ पीची तिथल्या पहिल्या प्रमुख. पुढे १९२८ ते १९४७ या काळात डॉ. जेरुशा झिराड या बेने इस्राएली डॉक्टरांनी ते सांभाळले आणि मुंबई शहरातील मातामृत्यूंच्या कारणांचा शोध घेणारा अहवालही लिहिला. १९२६ मध्ये परळला वाडिया प्रसूतिगृह उभे राहिले, गिरणगावाच्या मध्यावर. गिरणीतली बाई अवघडलेल्या दिवसांतही साच्यापुढे उभी असे. आत्रेयांनी वर्ज्य ठरवलेले मुसळ आता वाफेवर आणि विजेवर चालत होते. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. श्रमणाऱ्या स्त्रीची विश्रांती ही सासूच्या मर्जीची नव्हे तर हक्काची बाब आहे, हे प्रथम तिथे मान्य झाले.

रुग्णालयाने जीव वाचवले, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण रुग्णालयाबरोबर खाट आली, आणि खाटेबरोबर पडून राहणे आले. नातेवाईक दाराबाहेर थांबले. पेजही थांबली. पेज थांबण्याचा इतिहास थोडा विचित्र आहे. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेल्सन यांनी ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदी तपासून असे दाखवले की भूल दिलेल्या अवस्थेत पोटातले अन्न वा आम्ल फुप्फुसात जाते. अशा ६६ घटना त्यांना आढळल्या, दोन मृत्यू झाले. त्या काळची भूल मुखवट्यातून दिलेली, श्वासमार्ग सुरक्षित नसलेली. नियम त्या भुलीसाठी होता. भूल देण्याची रीत बदलली, नियम राहिला. आणि बारा-पंधरा तास कळा सोसणाऱ्या ज्या बाईला भूल मिळणारच नव्हती तीही उपाशी राहू लागली.

'काही होत नाहीये' या वेळेला वैद्यकात नाव मिळाले ते १९५० च्या दशकात. इमॅन्युएल फ्रीडमन या अमेरिकी डॉक्टरांनी गर्भाशयमुख किती वेळात किती उघडते याचा आलेख काढला. आरंभीचा लांब, जवळजवळ सपाट भाग म्हणजे सुप्त अवस्था. पहिलटकरणीत ती वीस तासांपेक्षा अधिक लांबली तर ती दीर्घ समजावी, असे त्यांनी ठरवले. आणि अशा दमलेल्या स्त्रीला औषध देऊन झोपवावे, घाई करू नये, असा उपायही सुचवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेने तर या अवस्थेची ठराविक कालमर्यादाच काढून टाकली. पाच सेंटिमीटरपर्यंत सुप्त अवस्था धरावी, आणि आई व बाळ ठीक असतील तर केवळ वेळ झाला म्हणून कळा वाढवण्याची औषधे वा शस्त्रक्रिया करू नये. कमी जोखमीच्या स्त्रीला खाऊ-पिऊ द्यावे, उभे राहू व चालू द्यावे, तिच्या पसंतीचे माणूस जवळ असू द्यावे. पहिल्या टप्प्यात उभ्याने, फिरते राहिल्यास तो सरासरी सव्वा तासाहून थोडा अधिक कमी होतो, असे २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले. सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांची प्रसूती थोडी लवकर व कमी शस्त्रक्रियेने होते, हे २०१७ च्या आढाव्यात २६ चाचण्यांमधील पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांच्या आधारे मांडले गेले.

'हे सगळे आमच्याकडे आधीच होते' असे म्हणण्याचा मोह इथे होतो. तो आवरावा. संहितांमध्ये निरीक्षण होते; मोजमाप, रक्तस्राव थांबवण्याचे औषध, सुरक्षित शस्त्रक्रिया यांतले काही नव्हते. एका बाबतीत मात्र संहिताकार आणि आजचे संशोधक एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात: थकलेल्या स्त्रीभोवती माणसे असावीत.

आता हे दिंडोशीत आणून पाहू. १९५७ साली महापालिकेची हद्द वाढेपर्यंत हा भाग मुंबईबाहेरचा होता. मालाड स्टेशनापासून पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. कामा काय किंवा वाडिया काय, कळा लागलेल्या बाईसाठी दोन्ही सारखीच दूर. जी होती ती गावची सुईण, आणि आरेच्या जंगलातल्या वारली पाड्यांवरच्या जाणत्या बायका. आज इथे नागरी निवाराच्या इमारती आहेत, चित्रनगरी आहे, डोंगरउतारावर चढत गेलेल्या चाळी आहेत. रुग्णालये रिक्षाच्या अंतरावर आहेत. मध्यरात्री कळा लागलेली मुलगी तिथे पोचते, तपासणी होते, आणि बहुधा सांगितले जाते: अजून वेळ आहे, घरी जा, खा, चाला, झोप काढा.

सल्ला शास्त्रशुद्ध आहे. पण तो 'घर' गृहीत धरतो. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे झोपलेली असताना ती झोपणार कुठे? साठ-सत्तर पायऱ्या उतरून गल्लीत फेऱ्या मारायच्या तर कुणाकुणाच्या नजरा झेलत? शौचालय सार्वजनिक, पाण्याची वेळ ठरलेली, कोमट पाण्याची आंघोळ कुठून? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशी बाई कळा लागण्याआधीच दमलेली असते. मग ती पुन्हा रुग्णालयाच्या दाराशी येते. वेदना असह्य झाली म्हणून नव्हे, थकली म्हणून. तिथे जो निर्णय होतो तो पुष्कळदा त्या थकव्यावरचा असतो.

आपल्या वस्त्यांतल्या जाणत्या बायका जे करतात ते अगदी साधे आहे. दोन कळांच्या मध्ये कुशीवर निजवणे, कंबर चोळणे, थोडीथोडी पेज वा सरबत पाजणे, लघवीला जाऊन यायची आठवण करणे, कळ नसताना जोर करू न देणे. पाणी फुटले, रक्त गेले, ताप आला किंवा बाळाची हालचाल मंदावली तर मात्र तासभरही न थांबता रुग्णालय गाठायचे, हेही त्या जाणतात.

२०१६ साली केंद्र सरकारने सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू द्यावी असे ठरवले. सोबतीण कोण असावी, याची अट अशी की तिने स्वतः बाळंतपण अनुभवलेले असावे. चरकातल्या अटीशी तिचे नाते लगेच ध्यानात येते. मात्र सोबतीणीला आत घ्यायचे तर दोन खाटांमध्ये पडदा हवा, शेजारच्या बाईची लाज राखली जायला हवी, बसायला एक स्टूल हवे. ज्या प्रसूतिकक्षात पडदा नाही, तिथे पहिले बोट त्याकडेच दाखवले जाते, आणि सोबतीण बाहेरच्या बाकावर बसून राहते.